सातबारा सिंहिणीचा

कोल्हापुरातनं केनियात भडंग न्यायचं, तर ते कशातनं न्यायचं, यावर निघायच्या दिवशी दुपारी आमचा दीड तास वाद झाला. केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि २०२० पासून तिथल्या राखीव जंगलांत एकदा वापरून टाकायचं कुठलंच प्लॅस्टिक चालत नाही. अण्णांनी पाच किलो भडंग आणलं होतं, सगळं प्लॅस्टिकच्या पाकिटांत. शेवटी आमच्या हिनं मांजरपाटाच्या सहा पिशव्या शिवल्या, उरलेलं स्टीलच्या डब्यांत भरलं, आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस सुटायला दहा मिनिटं असताना आम्ही सात जण स्टेशनात शिरलो.

सात जण म्हणजे मी आणि ही, गुळाचे अडते अण्णा आणि त्यांच्या मंडळी, जनावरांचे डॉक्टर आणि वहिनी, आणि एकटे सर. सर म्हणजे निवृत्त जीवशास्त्राचे शिक्षक. सिंहाचं वेड त्यांचं. रंकाळ्यावर रोज सकाळी फिरताना त्यांनी दोन वर्षं आमच्या डोक्यात केनियातलं मसाई मारा हे राखीव रान भरवलं. मी निवृत्त मंडल अधिकारी, त्याआधी तलाठी. चौतीस वर्षं सातबारा, फेरफार आणि बांधाची भांडणं यांत गेली. रानातल्या जनावरांशी माझा संबंध एवढाच, की गव्यांनी ऊस नाही तर भात तुडवलं की वनखात्याचा माणूस, कृषी सहायक आणि मी असा तिघांनी जाऊन पंचनामा करायचा.

फेब्रुवारी अण्णांनी ठरवला. माऱ्याच्या गेटवर परदेशी माणसाला जानेवारी ते जून दिवसाला शंभर डॉलर आणि जुलैपासून दोनशे. जुलै ते ऑक्टोबर तिकडं लाखोंनी विल्डबीस्ट, म्हणजे गाईएवढी रानटी हरणं, येतात, नदी ओलांडतात, ते बघायला जग लोटतं. अण्णा म्हणाले, "आपल्याला सिंह बघायचाय. गर्दी जोतिबाला बघतोच की." पिवळ्या तापाची लस मात्र पुण्याला जाऊन टोचून घ्यावी लागली, तीही निघायच्या किमान दहा दिवस आधी. ते पिवळं कार्ड पासपोर्टइतकंच जपावं लागतं. परत येताना आपल्याच विमानतळावर मागतात.

पहिला दिवस

मुंबईहून नैरोबी सहा तास. घड्याळं अडीच तास मागं केली. बाहेर आमचा गाईड उभा होता. चाळिशीतला मसाई, उंच, काटकुळा, गाडी चालवणाराही तोच. अण्णांनी त्याला पहिल्याच मिनिटाला "पाव्हणं" म्हणायला सुरुवात केली. खरं तर पाहुणे आम्ही, पण पुढं सहा दिवस तो पाव्हणंच राहिला, आणि हाक मारली की वळूनही बघायला लागला.

नैरोबीपासून मारा साधारण २७० किलोमीटर. वाटेत एका कड्यावरनं रिफ्ट दरी दिसते, आंबोलीच्या घाटात धुकं हटल्यावर दिसावी तशी, फक्त तळ सापडत नाही. उतारावर एक इवलंसं चर्च आहे, दुसऱ्या महायुद्धातल्या इटालियन कैद्यांनी रस्ता करताना बांधलेलं. नारोकच्या पुढं गव्हाची शेतं. तोवर शब्दांचा खेळ सुरू झाला होता. गाडीला स्वाहिलीत गारी. दुकानाला दुका. चहा म्हणजे चाय, चपाती म्हणजे चपातीच. आणि वकिलाला वाकिली, हिश्श्याला हिसा. अरबी व्यापाऱ्यांनी दोन्ही किनाऱ्यांवर एकच माल उतरवलेला दिसतोय. हिस्सा आणि वकील दोन्ही पोचलेत म्हटल्यावर मला जरा घरच्यासारखं वाटलं.

सेकेनानी गेटातनं आत शिरलो तेव्हा ऊन कललं होतं. एकाकी झाडाखाली पहिले सिंह. डॉक्टरांनी आधी झाड ओळखलं. "हिंगणबेट आहे हे. आपल्याकडं माळावर असतं, तेच." त्याखाली नऊ सिंह पडले होते. पडले होते म्हणजे पडलेच होते. पाय वर, पोट उघडं, कुणाची शेपटी कुणाच्या तोंडावर. पाऊण तासात एकानं कूस बदलली आणि एकीनं जांभई दिली. अण्णा हळूच म्हणाले, "लाखभर रुपये माणशी गेले ओ सर, झोप तर आमच्या गाळ्यावर पण बघायला मिळती."

सर म्हणाले, सिंह दिवसाचे वीस-वीस तास झोपतो.

"मग उरलेले चार कधी?"

पाव्हण्याला प्रश्न कळला असावा. तो म्हणाला, "बाडो." म्हणजे अजून नाही. पुढं हा शब्द आमच्यात इतका रुळला, की जेवण झालं का विचारलं तरी "बाडो" यायला लागलं.

दुसरा दिवस

पहाटे साडेपाचला निघालो. आफ्रिका म्हणजे उकाडा अशी समजूत करून आलेल्यांचे हाल झाले. मारा दीड हजार मीटरच्या वर आहे. कानटोपी फक्त मी आणली होती, ती सकाळभर हिच्या डोक्यावर.

तेच झाड, तेच नऊ, पण आता जागे. आज मला काम मिळालं. पाव्हणं ओळख परेड घेत होता आणि मी माझ्या जुन्या मोजणीच्या वहीत उतरवत होतो. मोठ्या माद्या चार. अडीचेक वर्षांची दोन, एक नर, एक मादी. चारेक महिन्यांची पिल्लं तीन.

सिंह ओळखायचा कसा, तर मिशांवरनं. गालावर मिशांच्या ओळी असतात आणि प्रत्येक मिशीच्या मुळाशी काळा ठिपका. सगळ्यात वरच्या ओळीत मोजके ठिपके असतात, आणि ते खालच्या ओळीतल्या कितव्या ठिपक्याच्या डोक्यावर येतात हे प्रत्येक सिंहाचं वेगळं. डाव्या गालाचं वेगळं, उजव्या गालाचं वेगळं. जन्मभर बदलत नाही. १९७० साली पेनीक्विक आणि रुडनाई या दोन अभ्यासकांनी ही पद्धत नीट मांडली, असं सर म्हणाले. मी दुर्बिणीतनं बघून एकीच्या डाव्या गालाचा नकाशा काढला: वर दोन ठिपके, एक तिसऱ्याच्या वर, एक चौथ्या-पाचव्याच्या मध्ये. अंगठ्याचा ठसाच की हा. फरक एवढाच, की शाईचा डबा लागत नाही आणि "अंगठा नीट उमटला नाही, परत या" म्हणायची सोय नाही.

पण एवढं बारीक रोज कोण बघणार. आम्ही आमची नावं ठेवली. डावा कान चिरलेली म्हातारी ती कानफाटी. शेपटीचं गोंड्याचं टोक तुटलेली ती बांडी. दोघींना नाव सुचलं नाही. अडीच वर्षांची मादी सारखी कानफाटीच्या मागं मागं करायची, तिला ही धाकटी म्हणायला लागली.

मी पाव्हण्याला माझ्या धंद्यातला प्रश्न विचारला. या रानाचा मालक कोण? मला वाटलं, आयाळवाला कुठं असेल तो दाखवेल. त्यानं हनुवटीनं कानफाटीकडं दाखवलं. तिच्या आईचं होतं हे रान, त्याआधी आजीचं. नर? नर येतात, जातात.

मग सरांनी सविस्तर सांगितलं. सिंहाचा कळप म्हणजे नात्यातल्या माद्या. आया, मुली, मावश्या, मावसबहिणी. मुलगी जन्मली त्याच रानात राहते, आईच्या शेजारी. कळप फार वाढला तर काही मुली लगतचा तुकडा धरून वेगळा कळप करतात. मुलगा मात्र दोन-तीन वर्षांचा झाला की बाहेर. तो भटकतो, ताकद कमावतो, आणि जमलं तर परक्या कळपावर कब्जा करतो. तोही टिकतो साधारण दोन-तीन वर्षं. मग त्याच्याहून जोरदार कुणी येतं. रान तेच, बायका त्याच.

म्हणजे हिशेब सरळ आहे. भोगवटादाराच्या रकान्यात माद्या. वारसनोंद आईकडनं मुलीकडं. वाटणी झाली तरी मुलींत. आणि ज्याच्या नावानं राजा राजा म्हणून ढोल वाजतात, त्याचं नाव "कुळाचे नाव, खंड व इतर अधिकार" या रकान्यात, तेही पेन्सिलीनं.

मी हे मोठ्यानं बोललो आणि गाडीत हसू झालं. ही हसली नाही. कायदा २००५ साली बदलला, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. त्यानंतर माझ्या टेबलावर येणारी हक्कसोडपत्रं कमी व्हायच्या ऐवजी वाढली. बहीण यायची, मागं भाऊ उभा. राजीखुशीनं का म्हणून विचारलं की मान हलवायची. मी नोंद धरायचो.

"माझं पण तुमच्याच ऑफिसातनं गेलं की," ही म्हणाली. तिचं माहेर राधानगरी तालुक्यात.

मी दुर्बीण डोळ्याला लावली. लहान पिल्लांपैकी एक कानफाटीला सोडून बांडीकडं गेलं आणि तिच्या पोटाशी तोंड खुपसू लागलं. बांडीला स्वतःची पिल्लं नव्हती, दूधही नसावं, पण तिनं हाकललं नाही. ज्यांना दूध असतं त्या एकमेकींच्या पिल्लांना पाजतातही म्हणे.

दुपारनंतर जेवण आणि झोप. सिंहांची आणि आमचीही.

तिसरा दिवस

रात्री तीनच्या सुमाराला डरकाळी झाली. टीव्हीवर ऐकतो ती डरकाळी नव्हे. ही आधी कानाला नाही, छातीला कळते. एक लांबलचक हुंकार, मग आणखी, मग आखूड आखूड धक्के, शेवटी नुसता श्वास. तंबूच्या कापडाला मी हात लावला तर कापड थरथरत होतं. मागोमाग दुसरा सुरू झाला, पहिल्याच्या आवाजावर आवाज चढवत. हा आवाज आठ किलोमीटरपर्यंत जातो. शेजारच्या तंबूतनं अण्णांचं हनुमान चालिसा ऐकू येत होतं. सकाळी त्यांनी साफ नाकारलं.

उजाडताना ते दोघे रस्त्यातच भेटले. पुढं काळपट आयाळीचा, मागं वाळल्या गवताच्या रंगाचा. बैलांना ठेवतात तशी नावं ठेवली, काळ्या आणि भुऱ्या. आमच्या गाडीपासून दहा हातांवरनं गेले. भुऱ्याच्या नाकावर जुन्या ओरखड्यांची जाळी, खालचा ओठ एका बाजूला फाटून लोंबलेला, त्यातनं सुळ्याचं पिवळं मूळ दिसत होतं. दोघांची नाकं जवळजवळ काळी. सिंहाचं नाक लहानपणी गुलाबी असतं आणि वयाबरोबर काळं होत जातं. भुऱ्यानं एका झुडपाला तोंड घासलं, वळला, शेपटी उचलली आणि मागं पिचकारी मारली. चार पावलं, पुन्हा तेच. बांध घालणं म्हणजे काय हे मी आयुष्यात इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं. ना हद्दीचा दगड, ना मोजणीदार.

आयाळीवर सर घसरले. माऱ्याला लागून टांझानियात सेरेंगेटीचं रान आहे, तिथं अभ्यासकांनी वेगवेगळ्या आयाळींचे नकली सिंह उभे करून पाहिलं होतं. माद्या गडद आयाळीकडं जात, तर परके नर लांब आयाळीला बिचकून असत. गडद आयाळ म्हणजे खाणंपिणं चांगलं आणि अंगात रग.

नर असे जोडीनं का राहतात, हा पुढचा विषय, आणि तिथं सगळ्यांनाच तोंड फुटलं. कारण त्याला मराठीत शब्दच "युती" आहे. अण्णा म्हणाले, "मग जागावाटप कसं करतात?" एकटा नर कळप राखू शकत नाही, हे मूळ कारण. म्हणून दोघे-तिघे एकत्र येतात. बहुतेक वेळा सख्खे किंवा मावसभाऊ, एकाच कळपातनं एकाच वेळी बाहेर काढलेले. एकटा निघालेला दुसऱ्या परक्या एकट्याशीही जमवून घेतो, तीही युती पुढं सख्ख्यासारखी टिकते. मात्र चार आणि त्यावरची युती नेहमी नात्यातली. जितके जास्त नर तितकी मुदत जास्त. दक्षिण आफ्रिकेत साबी सँडमध्ये मापोगो नावाची सहा नरांची युती झाली, २००६ पासून काही वर्षं त्यांनी कळपामागून कळप घेतले. पण मग सहा जणांत माद्या वाटून घ्यायच्या, खायलाही वाटेकरी. सर म्हणाले, तालमीतल्या जोडीसारखं आहे, मैदानात दोघं आणि घरी गेल्यावर खुराकाची वाटणी. मला तालमीपेक्षा सामाईक विहीर आठवली. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात आणि तरी मोटर कुणीतरी आधीच सुरू केलेली असते.

दुपारी रेडिओवर काहीतरी आलं. पाव्हण्याचा चेहरा बदलला. तालेक नदीच्या पलीकडं तीन परके नर दिसले होते. तरुण. आम्ही नदीकाठाला जाऊन तीन तास थांबलो. पाणी गुडघाभर. पलीकडच्या झुडपांत काही हललं, ते वार्थॉग, तिकडचं रानडुक्कर, निघालं. डॉक्टरांच्या वहिनींनी लसणाची चटणी काढली. पाव्हण्यानं ती भडंगाबरोबर खाल्ली, डोळ्यांत पाणी आलं, पुन्हा मागितली.

या वाट पाहण्यात सरांनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. सिंहिणी मोजतात. सेरेंगेटीत परक्या सिंहिणींच्या डरकाळ्या ध्वनिवर्धकावर वाजवून पाहिल्या. एकीचा आवाज लावला तर कळपातल्या सिंहिणी चालून जायच्या. तिघींचा लावला तर आधी एकमेकींकडं बघायच्या, आपण किती आहोत याचा अंदाज घ्यायच्या, आणि पुरेशा असतील तरच उठायच्या.

"आणि नदीपलीकडं तिघं आहेत," ही म्हणाली. "ह्यांचे दोघंच."

चौथा दिवस

आज दूरचा पल्ला, मुसियारा दलदलीकडं. वाटेत काळ्या मातीत गाडी रुतली. रात्री पाऊस झाला होता. ती माती आम्हाला नवीन नाही, शिरोळकडची असते तशी, चपलेला धरली की चपलेसकट ठेवून घेणारी. उतरून धक्का मारायला अण्णा बाह्या सरसावत होते, पण खाली पाय ठेवायची परवानगी नसते. दुसऱ्या गाडीनं दोर लावून ओढलं. तासभर गेला.

मुसियाऱ्याजवळ ओढ्याकाठची एक झाडी आहे, तिचं नाव बिला शका. मी दोनदा विचारून घेतलं. बिलाशकच की! शंका नको. इथं सिंह असणारच, म्हणून गाईड लोकांनी पाडलेलं नाव. आम्हाला तिथं एकही सिंह दिसला नाही. सर तरी टोपी काढून उभे राहिले. टीव्हीमुळं जगभर गाजलेल्या मार्श कळपाचं हे ठिकाण. डिसेंबर २०१५ मध्ये याच कळपावर विषप्रयोग झाला. गाय मारली गेल्याच्या रागातनं गुराख्यांनी मेलेल्या गुराच्या मांसात कीटकनाशक घातलं. बीबी नावाची सतरा वर्षांची सिंहीण त्यात गेली.

गाडीत सगळे हळहळले. मी गप्प होतो. आजरा-चंदगडकडं हत्ती आले तेव्हाचे पंचनामे मला आठवत होते. रात्रीत आडवा झालेला ऊस, मोडलेल्या केळी, आणि फॉर्म भरताना "नक्की किती मिळणार साहेब" म्हणून विचारणारा माणूस. त्याला उत्तर देणारा मीच असायचो आणि उत्तर काही भारी नसायचं. विष घालणाऱ्याची बाजू मी घेत नाही, पण तो गोठ्यात काय बघून आला असेल ते मला दिसतं.

दुपारी पाव्हण्याच्या ओळखीच्या वस्तीवर गेलो. काटेरी कुंपण, मध्ये गुरं, कडेनं शेणामातीची घरं. हिनं सारवण कसं करतात ते बघून घेतलं. कुंपणावर लुकलुकणारे दिवे होते. ही युक्ती नैरोबी राष्ट्रीय उद्यानाशेजारच्या रिचर्ड तुरेरे नावाच्या मसाई पोरानं काढली, तेव्हा तो जेमतेम अकरा-बारा वर्षांचा होता. दिवे आळीपाळीनं लुकलुकले की सिंहाला वाटतं, कुणीतरी बॅटरी घेऊन फिरतंय. गाडीची जुनी बॅटरी आणि सौर पॅनेल, एवढ्यावर काम.

माझा खरा वेळ तिथं जमिनीच्या चौकशीत गेला. माऱ्याच्या भोवतीची रानं पूर्वी सामाईक होती. मग त्यांचे तुकडे पडून घरटी मालकीचे कागद झाले. पुढं त्याच मालकांनी तुकडे पुन्हा जोडून प्राण्यांसाठी भाड्यानं दिले. ओलारे ओरोक नावाचं रान २००६ मध्ये असं सुरू झालं. नाबोईशो नावाच्या दुसऱ्या रानात पाचशेहून जास्त मालक आहेत. भाडं दरमहा बँकेत. पाचशे खातेदार एका ठरावावर! आमच्याकडं पाच भावांची एका पाणंद रस्त्यावर सही मिळत नाही. कागदावर नाव कुणाचं लागलं, असं मी विचारलं. बहुतेक पुरुषांचं, पाव्हणं म्हणाला.

येताना चित्ता दिसला. दोन भाऊ, वारुळावर शेजारी शेजारी बसलेले. चित्त्याचेही भाऊ भाऊ जोडीनं राहतात, मादी मात्र एकटी. पाहून अण्णांना ऊर भरून आला, कारण कोल्हापूर दरबारात शिकारीचे चित्ते होते आणि ते सांभाळणारे चित्तेवान होते. शेवटी शेवटी तर चित्ते आफ्रिकेतनं मागवले जात. "म्हणजे ह्यांचे पाव्हणे आमच्याकडं नोकरीला होते," अण्णा म्हणाले.

पाचवा दिवस

हिंगणबेटाखाली तीन सिंह पडले होते. लांबून मला वाटलं, आपलेच. जवळ गेलो तर तिन्ही नर. आयाळी पुरत्या भरलेल्या नाहीत, चेहरे कोरे, नाकावर गुलाबी डाग. एकाच्या खांद्यावर ताजं रक्त सुकलेलं. बाकी झोप तीच, पाय वर, पोट उघडं.

काय झालं ते आम्ही पाहिलं नाही. कुणीच पाहिलं नव्हतं. पंचनाम्यात आधी तेच लिहावं लागतं, घटना समक्ष पाहणारा कोणी नाही. बाकी सगळं खुणांवरनं.

भुऱ्या दोन किलोमीटरवर एका ओघळीत सापडला. मागचा उजवा पाय टेकत नव्हता, मांडीवर तळहाताएवढी जागा उघडी, तिच्यावर माश्या. तो चाटायचा, थांबायचा, धापा टाकायचा. डॉक्टर गाडीच्या छताला हात धरून उभे होते. "टाके घातले तर होईल," म्हणाले, पण तिथले डॉक्टर साधारणपणे माणसामुळं इजा झाली असेल तरच हात लावतात. काळ्या कुठं दिसला नाही. अडीच वर्षांचा नर बच्चा पण दिसला नाही, त्याचं वय तसंही हाकलण्याचंच.

चार दिवस आम्ही नरांच्या मागं लागलो होतो. आज कुणी त्यांचं नाव काढेना. पिल्लं कुठायत, एवढंच. कारण सरांनी आदल्या रात्रीच सांगून ठेवलं होतं. नवे नर आले की लहान पिल्लं मारतात. पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, आणि नव्याला वेळ थोडा असतो, दोन-तीन वर्षांत त्यालाही कुणीतरी हाकलणार. आई कधी लढते, कधी पिल्लं घेऊन पळते.

संध्याकाळी सहाच्या आत गेटाबाहेर पडायचं होतं. पावणेपाचला पाव्हण्यानं गाडी एका ओढ्याशी थांबवली आणि इंजिन बंद केलं. मला काही दिसेना. हिला दिसलं. काटेरी झुडपाच्या बुडाशी चिरलेला कान. कानफाटी पोटावर दबून बसली होती, झोपलेली नाही, मान ताठ, नजर आम्ही आलो त्या वाटेवर. तिच्या पुढच्या पायांमध्ये पिल्लं. एक, दोन. तिसऱ्यासाठी आम्ही सातही जण बराच वेळ बघत राहिलो.

एरवी असं काही दिसलं की गाईड रेडिओवर सांगतात आणि दहा मिनिटांत गाड्या जमतात. पाव्हण्यानं रेडिओचं बटण फिरवून आवाज बंद केला. गाड्या आल्या की धूळ उडते, आणि धूळ त्या तिघांनाही दिसते. पाव्हण्यानं इंजिन सुरू करून गाडी सरळ मागं मागं घेतली, वळवलीसुद्धा नाही. चार दिवस शिकार दाखवा म्हणून भुणभुण करणारे अण्णा त्याच्या खांद्याला हात लावून मराठीतच म्हणाले, "कुणाला सांगू नका हां, पाव्हणं." त्यानं मान हलवली.

रात्री जेवणात कुणी जास्त बोललं नाही. डरकाळ्या झाल्या. तीन आवाज. ही अंधारात मोजत होती.

सहावा दिवस

परतीचा रस्ता, नारोक, कडा, विमान. नैरोबीत अण्णांनी उरलेलं भडंग पिशवीसकट पाव्हण्याला दिलं. मुंबईत पिवळी कार्डं तपासली, अण्णांचं सापडेना, ते चटणीच्या रिकाम्या डब्यात निघालं.

जुलैत, पंचगंगेला पाणी चढत होतं तेव्हा, पाव्हण्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. तेच हिंगणबेट, गवत मात्र कमरेएवढं. खाली कानफाटी, बांडी आणि त्या दोघी. कडेला एक नर, आयाळ आता भरत आलेली. बांडीला तीन पिल्लं झालीत, त्यानं लिहिलं होतं. मी विचारलं, कानफाटीची ती दोन? उत्तर एका शब्दात आलं. हापाना. नाहीत.

मी मोजणीची वही काढली आणि शेवटच्या पानावर नोंद धरली. भोगवटादार: माद्या चार, बदल नाही. इतर अधिकार: जुने नर दोन कमी केले, नवीन तीन दाखल. वारस: तीन.

ही चष्मा कपाळावर सरकवून फोनमधला फोटो दोन बोटांनी मोठा करत होती.

"चार कुठं? ह्या गवतात मागं कान दिसतोय बघा. धाकटी आहे ती. पाच लिहा."

मी चार खोडून पाच केलं आणि शेजारी सही केली.